शांत मिनिटं

“खोकल्याचं औषध पाजल्यासारखी झाली की हो ही,” केइशाची आई म्हणाली, आणि पुढच्या सीटवरचा आमचा साहेब एडविन मनापासून हसला. “बाटली न उघडता, बू,” तो त्या बाईंना म्हणाला. “चमचा नको, सांडलवंड नको.” मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता आमची चाचणीची गाडी जकार्तातल्या सुदिरमान रस्त्यावर सेमांगीच्या पुलाआधी अडकलेली होती, म्हणजे रोज असायची तिथेच होती. चार वर्षांची केइशा माझ्या डाव्या हाताला खिडकीशी, तिची आई उजव्या हाताला, मध्ये मी. केइशाच्या काचेत एक पिवळी बकरी उड्या मारत होती. दिव्याच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर, तिथून बसच्या टपावर, टपावरून पुलाच्या कठड्यावर. खरी मोटारसायकल काचेच्या वीतभर जवळ आली की आमची यंत्रणा तिच्यावर गवत पसरायची आणि बकरी त्या गवतात तोंड घालायची. केइशाचं तोंड अर्धवट उघडं होतं. खालच्या ओठावर थुंकीचा एक थेंब जमला होता आणि तो पुसायचं तिला भान नव्हतं. माझ्या मांडीवरच्या टॅबवर ‘शांत मिनिटं’ या रकान्यात अठराचा आकडा पडला. कालपर्यंत कुठलंच मूल बाराच्या पुढे गेलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी हसलेसुद्धा, कारण साहेब हसला की आपण हसतो. पण हसता हसता माझ्या जिभेच्या मुळाशी गोड आणि कडू अशी एक चव आली, चेरीचा वास मारलेल्या औषधाची, आणि काही केल्या जाईना. मी बाटलीतलं पाणी प्यायले. तरी ती तिथेच.

मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला खिडकीतून काय दिसावं, हे ठरवणं माझं काम. ऐकायला हे काम थट्टेचं वाटतं आणि पहिल्या वर्षी सगळ्यांनी माझी थट्टा केलीच. पण जकार्तात आयुष्याची किती वर्षं मागच्या सीटवर जातात ते ज्याने काढली त्यालाच माहीत. पुढच्याला निदान रस्ता असतो, ब्रेक असतो, शिव्या द्यायला समोर कुणीतरी असतं. मागचा नुसता नेला जातो. त्याला मळमळतं, त्याला कंटाळा येतो, आणि काचेबाहेर जे असतं ते त्याला बघायचं नसतं. म्हणून आम्ही काचच बदलायला घेतली. बाहेरचं बाहेर राहील, त्याच्यावर आमचं चित्र, गाडीच्या वेगाशी आणि वळणाशी नेमकं जुळवलेलं. बाहेरचं किती ठेवायचं आणि किती झाकायचं, यावर तीन वर्षं वाद घालून आम्ही एक यादी केली होती. काचेच्या फार जवळ येणारं काहीही झाकायचं. भिंती, मोटारसायकली, गटारं, काचेवर टकटक करणारी माणसं. यादी माझ्या अक्षरात आहे. बकरीही माझीच. पहिल्या बैठकीत काही सुचत नव्हतं म्हणून मी म्हणाले होते की लहानपणी गाडीतून जाताना मला बाहेर एक बकरी पळताना दिसायची, गाडीच्या बरोबरीने, कधीही मागे न पडणारी. एडविनने टेबलावर थाप मारली. तेव्हापासून तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो, “ही आमच्या निनिंगच्या बालपणातली बकरी बरं का, बाजारातली नाही.” पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघतात. कुणाची गाडी, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. आमच्याकडे गाडी कधीच नव्हती. आमच्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

गाड्या परक्यांच्या होत्या. त्या काळी या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक तासांत गाडीत तीन माणसं असल्याशिवाय शिरायला बंदी होती. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांच्याकडे तिसरं माणूस नसायचं, बहुतेक वेळा दुसरंही नसायचं, आणि आमच्या वस्तीत माणसांखेरीज काही नव्हतं. मग बंदी जिथे सुरू होते त्याच्या अलीकडे, पदपथाच्या कडेला, बायाबापड्या ओळीने उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या गाड्यांना बोट दाखवायच्या. एक बोट म्हणजे मी एकटी. दोन बोटं म्हणजे मी आणि कडेवरचं. गाडीतली डोकी भरून द्यायचे पैसे मिळायचे, जॉकी म्हणायचे त्यांना. एमाक, म्हणजे माझी आई, दोन बोटं दाखवायची. दुसरं बोट मी होते. गाडी थांबली की एमाक आधी आपल्या सपाता काढायची, मग माझ्या, दोन्ही जोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर घ्यायची आणि मगच आत पाय ठेवायची, का तर साहेबाची गाडी घाण होऊ नये. मग तिच्या सूचना सुरू व्हायच्या, ओठ न हलवता. टेकून बसू नकोस. काचेला हात लावू नकोस. ते बोलले तर बोल. आरशात बघू नकोस. मला आठवतात त्या माना. पुढे बसलेल्या पुरुषांच्या माना, पावडर लावलेल्या, घामट, टाळूवर विरळ केस, एका मानेवर मोठा तीळ. आठवतो तो एसीचा गारठा, जो आमच्या घरात फक्त तापाने कापताना जाणवायचा. आणि खिडकी. आरशात बघायचं नाही, मानेकडे तरी किती बघणार, म्हणून मी खिडकीतून बघायचे, आणि तिथे बकरी असायची. माझ्या बालपणात मला पूर्णपणे माझं म्हणता येईल असं तेवढंच होतं. बाकी सगळं कुणाचं तरी वापरून झालेलं होतं.

एक गोष्ट मला नेहमी खटकायची, पण दाताला लागलेल्या बारीक काडीसारखी, जीभ गेली तरच. मला या प्रवासांचा शेवट आठवत नाही. सुरुवात आठवते, मधला भाग आठवतो, बकरी आठवते, आणि मग काहीच नाही. गाडीतून उतरल्याची एकही आठवण नाही. शेकडो वेळा चढले असेन, आणि उतरले एकदाही नाही. मी कॉलेजात असताना तो नियम बंद झाला. त्या दिवसांत फोनवर एक बातमी फिरत होती, की काही जॉकी बाया कडेवरचं मूल रडू नये, गाडीवाल्याने वैतागून उतरवू नये, म्हणून त्याला झोपेचं औषध पाजून आणतात. कॉलेजच्या खानावळीत, समोर नासी उदुकची, नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताची, ताटली होती. मी ती बातमी अर्धी वाचली आणि फोन उपडा ठेवला. उरलेली अर्धी आठ-नऊ वर्षं तशीच राहिली. एमाकला मी विचारलं नाही. कसं विचारणार होते? ती तेव्हा एका दवाखान्यात फरशा पुसत होती आणि माझी फी भरत होती. नंतर मला नोकरी लागली, मी शहराच्या कडेला चिपुताटला दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं, तिला घेऊन आले. माझ्या कंपनीत मी सांगितलं की माझी आई पूर्वी छोटं दुकान चालवायची. हे मी अगदी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, कुणी विचारलं नसतानाही. आणि आता एका चार वर्षांच्या मुलीच्या आईने सहज चेष्टेत एक वाक्य टाकलं, आणि मला वाटायला लागलं, की ती बकरी मला दिसायचीच का? शुद्धीवरच्या मुलाला इतकी स्पष्ट बकरी दिसते का, खुरांसकट, गळ्यातल्या दोरीच्या तुकड्यासकट? की ती चमच्यातून आली होती, आणि मी ती आता काचेत घालून, गुळगुळीत करून, साऱ्या देशातल्या पोरांना पाजणार होते?

गुरुवारी मोठी बैठक होती. तिथे मी सही केली की बकरी कारखान्यात जाणार. त्याआधी साठीच्या पुढच्या एका प्रवाशाची चाचणी तेवढी राहिली होती, आणि ज्या बाई येणार होत्या त्यांचं येणं मंगळवारी दुपारी रक्तदाब वाढल्यामुळे रद्द झालं. एडविन म्हणाला, “कुणालाही आण, फक्त केस पांढरे हवेत.” मी म्हणाले, माझ्या आईला आणते. माझ्या तोंडून ते इतक्या पटकन गेलं की मलाच चमकल्यासारखं झालं. तो म्हणाला, “दुकानवाल्या का? वा. गिऱ्हाइकांची पारख असलेलं माणूस.” मी मान हलवली. स्वतःला मी सांगितलं की हे कामासाठी आहे, पण स्वतःला सांगितलेलं असं किती दिवस टिकतं? घरात ते विचारणं माझ्याने झालं नसतं. घरात आम्ही समोरासमोर असतो, तिच्या हातात झारा असतो किंवा झाडू, आणि ती डोळ्यांत बघते. गाडीत दोघी खिडकीबाहेर बघणार. तिथे काहीही विचारता येतं. हे मला कुठून ठाऊक, ते मला तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी तिला सांगितलं तर ती कढईतले तेंपेचे, सोयाबीनच्या वडीचे, तुकडे उलटत म्हणाली, “मला कशाला नेतेस? माझी उलटी साफ करायला?”

“उलटी होऊ नये म्हणूनच ते यंत्र आहे.”

“मग यंत्राला ने.” तिने एक तुकडा फुंकून माझ्या तोंडात कोंबला. “कुठली गाडी? तुझ्या त्या गोऱ्या साहेबाची?”

“कंपनीची. आणि एडविन गोरा नाही, इथलाच, मेदानचा आहे.”

“एकच ते. कपडे कुठले घालू?”

बुधवारी सकाळी ती साडेपाचलाच तयार होऊन बसली होती. ईदला घेतलेली फिकट जांभळी ओढणी, नाकाखाली आणि कानामागे मळमळीवरचं वाऱ्याचं तेल चोळलेलं, त्या तेलाचा कापरासारखा वास साऱ्या घरात. पर्समध्ये आणखी एक बाटली, शिवाय संत्र्याची साल आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या, उलटीसाठी म्हणाली. चाचणीची गाडी चालवणारे पाक कोमार, म्हणजे कोमारकाका, तिच्याच वयाचे, बोलघेवडे. त्यांनी दार उघडून धरलं आणि “या, बू, राणीसारख्या बसा” म्हणाले. एमाक क्षणभर दाराशी उभी राहिली. मग वाकली, आणि मी काय होतंय ते समजेपर्यंत तिने पायातले बूट काढले. मीच मागच्या महिन्यात घेऊन दिलेले. ते एका पिशवीत घातले, पिशवी मांडीवर घेतली आणि अनवाणी आत जाऊन बसली. पाक कोमार माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, “पाय दुखतात तिचे.” इतकं खोटं मला इतक्या सहज येतं हे काही त्या दिवशीचं नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसले. रस्ता सुरू झाला. ती पाठ न टेकता बसली होती, सीटच्या पुढच्या निम्म्या भागावर, पिशवी दोन्ही हातांनी धरून, गुडघे जुळवून. मी दोनदा म्हणाले, टेक ना. दोनदा ती “हो, हो” म्हणाली आणि तशीच राहिली. नियम बंद होऊन इतकी वर्षं झाली, तिच्या गुडघ्यांना कुणी कळवलंच नव्हतं. रस्ता रुंद झाला, उंच इमारती सुरू झाल्या, तेव्हा मी टॅबवर बोट ठेवून काच सुरू केली. पदपथ मावळला, भातखाचरं आली, दूरवर डोंगर, आणि डाव्या बाजूने बकरी. एमाकने काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा काचेकडे.

“हे बाहेरून दिसतं?”

“नाही. बाहेरून नुसती काळी काच.”

“म्हणजे आपणही दिसत नाही?”

“नाही. कुणालाच दिसत नाही. तेच तर लोकांना हवंय.”

ती एकदम ताठ झाली. “मग मोजणार कसे?”

“कोण?”

“पोलीस, आणखी कोण? डोकी दिसली नाहीत तर गाडी अडवतील ना त्या बापड्याची.” आणि तिने माझा दंड धरून मला काचेकडे ढकललं, “पुढे सरक, पुढे, तोंड दिसू दे.”

मी सरकले. खरंच सरकले, काचेला कपाळ लावलं. दोन-तीन सेकंद तरी मी त्या बकरीच्या पोटात कपाळ घालून बसले असेन. मग पाक कोमार पुढून हसून म्हणाले, “बू, तो नियम कधीच गेला. आता गाडीच्या नंबरावर असतंय सगळं, सम-विषम. तुम्हीपण त्या वेळी गाडीने जायचात वाटतं इथून?” एमाकने हात काढून घेतला. “जायचे कधीकधी,” ती म्हणाली. तिचे कान लाल झाले. ती लाजल्याचं मी फार वेळा पाहिलेलं नाही, आणि लाजायला मी लावलं होतं, माझ्या त्या दुकानाच्या गोष्टीने, जी तिलाही ठाऊक होती. मला माझीच शरम वाटली.

टॅबवर एक मिनिट शांत, दोन मिनिटं शांत, आकडे पडत होते. यंत्राला काय, न बोलणारं ते सगळं शांत. बकरी उड्या मारत होती. आता मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघायला काही ठेवलेलंच नव्हतं, सगळं मीच झाकलेलं. एमाक मात्र बघत होती. मग ती म्हणाली, “बंद होतं का ग हे?”

“का? मळमळतंय?”

“नाही. मला कळेना आपण कुठे आहोत.”

मी काच बंद केली. सेनायनच्या अलीकडचा रस्ता परत आला, धूळ बसलेली झाडं, मोटारसायकलींचा लोंढा, पदपथावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून चहा पिणारा एक शिपाई. ती एकेक बघत होती आणि तिचे ओठ किंचित हलत होते. आणि तेव्हा, दोघी बाहेर बघत असताना, मी विचारलं. पाक कोमारांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, ओठ फारसे न हलवता. तसं बोलायला तिनेच शिकवलं होतं.

“एमाक, तू मला औषध पाजायचीस का ग? गाडीत मी झोपावी म्हणून?”

तिने मान वळवली नाही. पिशवीतले बूट एकमेकांवर घासल्याचा आवाज आला. मला वाटलं ती आता रागावेल, आणि मला ते चाललं असतं. मला वाटलं ती म्हणेल, कुणी भरवलं हे तुला, आणि मी आयुष्यभर त्या रागावर विश्वास ठेवीन. पण ती म्हणाली, “एकदा.”

मी मांडीवरचा टॅब उपडा ठेवला.

“सव्वा वर्षाची होतीस. दात येत होते. गाडीत बसलो की भोकाड पसरायचीस. तीन दिवस ओळीने लोकांनी मधेच उतरवलं. सगळ्या बाया द्यायच्या थोडं थोडं. मुनारोहने मला बाटली दिली, म्हणाली अर्धा चमचा. मी दिलं. नीट झोपलीस. गाडीवाला म्हणालासुद्धा, काय गुणी पोर आहे.” ती थांबली. वाऱ्याच्या तेलाची बाटली तिने काढली, उघडली, हुंगली आणि परत मिटली. “उतरलो तरी उठेनास. घरी आणली, तरी नाही. गालावर पाणी मारलं. तळपाय चोळले. दुपारची बांग झाली. शेजारची म्हणाली, दवाखान्यात ने, मी म्हटलं तिथे विचारतील काय दिलं, तर काय सांगू? तुझ्या नाकाशी हात धरून बसले होते मी, पोरी. श्वास यायचा, मग इतका वेळ यायचा नाही की...” तिने ते वाक्य सोडून दिलं. “तिसऱ्या प्रहरी उठलीस आणि भात मागितलास.”

पाक कोमारांनी कुणालातरी हॉर्न दिला आणि लगेच हात वर करून माफीही मागितली. मी विचारलं, “आणि पुढे?”

“पुढे काय? पुढे मी तुला गाडीत झोपूच दिलं नाही.” ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. “डोळे मिटायला लागलीस की चिमटा काढायचे. इथे, दंडाच्या आतल्या बाजूला, वरून दिसू नये म्हणून. पहाटे चारला उठवलेलं पोर, झोप येणारच ना. पण तू पापणी मिटलीस की मला वाटायचं, झालं, ही आता उठत नाही. चिमटा काढला की डोळे टक्क उघडून खिडकीकडे बघायचीस. रडायची नाहीस. उतरलो की रस्त्याच्या कडेला, माझ्या खांद्यावर पडून झोपायचीस, पुढची गाडी थांबेपर्यंत. तिथे मला भीती वाटायची नाही. गाडीतच वाटायची.” मग पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. “डाग पडायचे. तुझी ती शाळेतली बाई विचारायची, तर तू सांगायचीस, डास चावले. मी शिकवलं नव्हतं ते. तूच सांगायचीस.”

मला डास आठवतात. आमच्या वस्तीत डास होतेच, त्यामुळे ती आठवण कधी तपासून बघावी असं वाटलंच नाही. गाडीत, बसमध्ये, विमानातसुद्धा मला झोप येत नाही, आणि लोक म्हणतात, किती दक्ष तू, म्हणून मी स्वतःला दक्ष समजत आले. ती बकरी औषधातून आली नव्हती हे कळून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण अर्धंच. झोपेने जड झालेलं एक पोर, दंडावर दुखतंय, डोळे मिटायचे नाहीत, काचेला हात लावायचा नाही, तर त्याला बाहेर काहीतरी पळताना दिसणारच. बकरी नसती तर दुसरं काही दिसलं असतं. मी एवढी वर्षं तिला माझी गंमत समजत होते. आता कळतं, ते मूल जागं राहण्यासाठी धडपडत होतं. आणि मी तेच चित्र उचलून मुलांना गुंगवायला वापरलं होतं, आणि पहिल्यांदा अठराचा आकडा आला तेव्हा माझ्या कंपनीने पेढे वाटावेत तसे डोनट वाटले होते. केइशाच्या ओठावरचा तो थेंब मला दिसायला लागला. ती शांत होती, गुंगलेली होती, की घाबरलेली, हे आमच्या टॅबला कळत नाही. मलाही कळलं नव्हतं, आणि मी तिच्या शेजारी बसले होते.

टॅबवर चाचणीचा शेवटचा प्रश्न उभा होता, प्रवाशाचा अभिप्राय. मी लिहिलं, ‘बंद करायला सांगितली. आपण कुठे आहोत ते कळेना म्हणाली.’ मग फोन काढून एडविनला कळवलं, की उद्या मी सही करत नाही, मूल गप्प का होतं ते आपल्याला कळत नाही तोवर तरी नाही. त्याचं उत्तर लगेच आलं. ‘डोकं फिरलं का तुझं? बैठकीसाठी कोरियाहून माणसं आली आहेत. फोन कर.’ मग आणखी एक, ‘बकरी तुझी नाही, कंपनीची आहे, हे लक्षात असू दे.’ ते त्याचं खरंच होतं, कागदावर तर होतंच. माझी नोकरी त्या बैठकीनंतर किती दिवस राहील याचा मी हिशेब मांडायला लागले आणि मधेच सोडून दिला. भीती वाटत होती. घराचं भाडं, एमाकचं म्हातारपण, सगळं त्या एका सहीला लोंबकळत होतं. पण सही करणारा हात माझा होता, आणि त्याच्या आतल्या बाजूला काय होतं ते आता मला माहीत होतं.

“रागावलीस?” एमाकने विचारलं.

“कुणास ठाऊक,” मी म्हणाले. खरंच मला माहीत नव्हतं. राग होता, पण तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. सव्वा वर्षाच्या पोराच्या नाकाशी हात धरून दुपारभर बसलेल्या बाईवर ठेवावा, तर तिथे जागा नव्हती.

“सांगणारच होते,” ती म्हणाली. “तुझं लग्न ठरलं की सांगीन म्हटलं होतं. ते काही तू ठरवत नाहीस.” तिला हसू आलं नाही, मलाही नाही, पण तिने म्हटलं ते बरं झालं. मग तिने पिशवी खाली ठेवली, आणि बूट काढून पायात घातले. एक, मग दुसरा. आणि पाठ टेकली. आधी नुसते खांदे, मग सगळी.

पाक कोमारांनी ब्लॉक एमहून गाडी परत वळवली. ऊन माझ्या बाजूला आलं. रात्री मला झोप लागली नव्हती, डोळे चुरचुरत होते. एमाक बघत असणार, कारण ती म्हणाली, “झोप जरा. घर यायला तासभर आहे.”

“मला गाडीत झोप येत नाही.”

“येईल. मी आहे ना जागी.”

मी डोळे मिटले. झोप नव्हतीच. शरीर आतून ताठ होतं, कसली तरी वाट बघत असल्यासारखं. वाऱ्याच्या तेलाचा वास येत होता, चाकांचा आवाज येत होता, पाक कोमार गुणगुणत होते. डोळे मिटल्यावर मला कुठलंही चित्र दिसलं नाही, नुसतं उन्हामुळे आलेलं तांबूस. मी श्वास सावकाश घेत राहिले, तिला बरं वाटावं म्हणून. दहा-बारा मिनिटं गेली असतील. शेजारी ती हलली. तिची बोटं माझ्या नाकाजवळ आली, तेलाची, गार, आणि तिथे थांबली. मग ती खाली गेली, माझ्या बाहीच्या आत शिरली, दंडाची आतली बाजू तिने न बघता शोधली आणि चिमटा काढला. हलकाच, पण काढला. मी पूर्ण जागी होते. तरी झोपेतून दचकून उठल्यासारखे डोळे उघडले, तिच्याकडे वळले आणि म्हणाले, “आहे ग, एमाक. उठले बघ.”